आजीच्या वहीतल्या निनावी कविता आणि अहिराणी गाणी छापायची आहेत. कॉपीराइट आड येईल का?

ताई, तुम्ही एक प्रश्न विचारलात, पण वहीत तीन जातींचा माल आहे. आखाजी (म्हणजे अक्षय्य तृतीया) आणि कानबाई या आपल्या खानदेशी सणांची अहिराणी गाणी, कुठल्याशा मासिकातून उतरवलेल्या निनावी कविता, आणि बहिणाबाईंच्या चार-पाच. सगळ्याची मिळून एक पुस्तिका काढायची आहे आणि "इतकं जुनं आहे, मग चालेल ना?" असं तुमचं म्हणणं. मी अमळनेरला छपाईचं काम करतो, खिळे जुळवायच्या काळापासून. माझ्या टेबलासमोर बसून हेच वाक्य दर महिन्याला कुणीतरी म्हणतं. पण कागद किती पिवळा पडलाय याच्याशी कायद्याला घेणंदेणं नाही. लिहिणारा कधी गेला आणि मजकूर पहिल्यांदा कधी छापला, एवढंच तो विचारतो.

बहिणाबाईंचं आधी सांगतो, कारण गंमत तिथेच आहे. त्या 3 डिसेंबर 1951 ला गेल्या. गाणी पुस्तकरूपाने आली 1952 मध्ये, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, जपली म्हणून. लेखक हयात असताना छापलेलं असेल तर त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं मोजतात. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेलं असेल तर छपाईच्या पुढच्या वर्षापासून. म्हणजे 1952 च्या पुस्तकातली गाणी 2012 संपताच मोकळी झाली. पण त्याच पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे आणि अत्रे गेले 1969 मध्ये. तिच्यावरचा हक्क 2029 अखेरपर्यंत जिवंत आहे. एकाच पुठ्ठ्यात निम्मं मोकळं, निम्मं बांधलेलं! तेव्हा गाणी खुशाल घ्या, प्रस्तावनेचे परिच्छेद उचलू नका. आणि एखादं गाणं पुढच्या एखाद्या आवृत्तीत पहिल्यांदा आलं असेल, तर त्याची साठ वर्षं त्या आवृत्तीपासून मोजायची. हे पाहायला वाचनालयात जुन्या प्रती काढून ताडून बघाव्या लागतात, दुसरा उपाय नाही.

(हे साठ पूर्वी पन्नास होते. रवींद्रनाथ 1941 मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांचा हक्क 1991 अखेरीस संपणार होता. तेव्हा सरकारने सगळ्यांचीच मुदत दहा वर्षांनी वाढवली.)

आता निनावी कविता. इथे लेखकाचा मृत्यू कुणाला माहीत नाही, म्हणून मोजणी पहिल्या छपाईपासून. कविता 1948 च्या अंकात आली असेल तर 2008 अखेर मुदत संपली. मात्र साठ वर्षं भरायच्या आत लेखक कोण ते उघड झालं असेल, तर पुन्हा त्याच्या मृत्यूपासून मोजायचं. टोपणनावाला निनावी समजू नका. ठोमरेंना 'बालकवी' हे नाव 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात मिळालं, पण ते कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते 1918 मध्येच गेले, त्यामुळे त्यांची अडचण नाही. पण तुमच्या वहीत 'एक शेतकरी', 'कुणीतरी' असल्या सह्या असतील, तर आधी तो माणूस पुढे ओळखला गेला का, एवढी चौकशी करा.

लेखक सापडतच नाही आणि मुदतही उरली आहे, अशा वेळी कायद्यात परवान्याची वाट आहे. त्यासाठी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. पुस्तिकेपेक्षा जाहिरात महाग पडेल. अशा दोन-चार कविता गाळा, झालं.

आखाजीच्या गाण्यांना लेखक नाही. झोक्यावर बायकांनी म्हटलेलं गाणं कुणाच्या मालकीचं ठरवणार? ते छापायला परवानगी लागत नाही. पण आजीने ते कुठून उतरवलं ते बघा. मी स्वतः इथेच ठेच खाल्ली आहे. एका मंडळासाठी गाण्यांची पुस्तिका छापली, लोकगीतंच तर आहेत म्हणून एका जुन्या संग्रहातून आख्खा क्रम, शब्दार्थ आणि टीपा जशाच्या तशा उतरवल्या. पुस्तिका वाटून झाल्यावर संकलकाच्या मुलाचा फोन आला. भला माणूस, कोर्टाची भाषा केली नाही. "गाणी गावाची, पण टीपा माझ्या बापाच्या," एवढंच म्हणाला. उरलेल्या प्रतींमधली टीपांची पानं आम्ही हाताने काढली. संकलकाची निवड, मांडणी, मराठी अर्थ हे त्याचं काम असतं आणि त्यावर त्याचा हक्क चालतो. कॅसेटवरून ऐकून लिहिलेलं असेल तर शब्द लिहिता येतील, पण ते रेकॉर्डिंग सोबत क्यूआर कोड देऊन वाजवू नका. त्याचा हक्क वेगळा आणि तोही साठ वर्षांचा.

आजीने स्वतःच्या मनाने रचलेलं काही वहीत आहे का, हे मात्र नीट बघा. असेल तर त्याचा हक्क आजीचा, आणि त्या हयात नसतील तर वारसांचा, म्हणजे तुमच्या आईचा, मामांचा, मावश्यांचा. छापण्याआधी सगळ्यांची सही घ्या. अशा पुस्तिकेवरून भावंडांत बोलणं बंद झालेलं मी दोनदा पाहिलंय.

निनावी कवितांच्या खाली आजीने मासिकाचं नाव किंवा महिना लिहिलाय का? त्या पानांचे फोटो इथे टाका, वर्ष काढायचा प्रयत्न करू.