रोझेटचा गुच्छ दिसतो, मग तेजोमेघ का दिसत नाही?

प्रश्न : माझ्याकडे ६ इंची डॉब्सोनियन दुर्बीण (फोकल लांबी १२०० मिमी) आहे. शृंगाश्वातला एनजीसी २२४४ हा तारकागुच्छ २५ मिमीच्या आयपीसमधून (डोळा लावतो त्या भिंगातून) छान दिसतो, पण फोटोत त्याच्याभोवती दिसणारा लालभडक रोझेट तेजोमेघ अजिबात दिसत नाही. फिल्टर घ्यावा का? तो खेकडा तेजोमेघाला आणि कृत्तिकेलाही चालेल का?

उत्तर : गुच्छ सापडला म्हणजे जागा बरोबर आहे. अडतंय ते आकारामुळे. रोझेट सव्वा अंशाहून मोठा आहे, पूर्णचंद्राच्या जवळजवळ अडीचपट. तुमच्या २५ मिमीने ४८ पट वर्धन होतं आणि साध्या प्लॉसल प्रकारच्या आयपीसमध्ये जेमतेम १ अंश आकाश मावतं. सगळं क्षेत्र मेघानेच भरलं की त्याची कडा दिसत नाही, आणि कडेशिवाय इतका फिकट उजेड डोळ्याला जाणवत नाही. ३२ मिमी प्लॉसल लावा, म्हणजे वर्धन कमी होऊन जास्त आकाश मावेल. दुर्बीण किंचित पुढेमागे सरकवत राहा, नजर तिरकी ठेवा, म्हणजे थेट न पाहता किंचित बाजूला पाहा. त्याआधी किमान २० मिनिटं अंधारात थांबा. मोबाइल पाहिलात की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

लाल रंगाची आशा मात्र सोडा. तो हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा प्रकाश. अंधारात डोळा त्याला जवळजवळ आंधळाच असतो. गुच्छातल्या तप्त तरुण ताऱ्यांनी आयनित केलेला (इलेक्ट्रॉन गमावलेला) ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटरला चमकतो, तो दिसतो, पण राखाडी. ओ-थ्री फिल्टर हाच पट्टा सोडतो. त्याने मेघ उजळत नाही, आकाश काळं होतं. म्हणून फिल्टर जरूर घ्या, पण शहरातल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा थोडा प्रकाश त्या पट्ट्यातही येतो. गावाबाहेर जायलाच हवं. जानेवारीअखेरीस रात्री दहा-साडेदहाला रोझेट माथ्याजवळ असतो.

खेकडा हा १०५४ साली दिसलेल्या अतिनवताऱ्याचा अवशेष. त्याचा बराचसा उजेड चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉन्सचा आणि सर्व तरंगलांबींचा, त्यामुळे फिल्टरने फार फरक पडत नाही. आकार जेमतेम ६ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). वृषभातल्या झीटा टॉरी या ताऱ्यापासून अंशभर वायव्येला ८०-१०० पटीने पाहा.

कृत्तिकेला फिल्टर काढाच. तिथली धूळ ताऱ्यांचा प्रकाश फक्त परावर्तित करते. फिल्टर तोच खाऊन टाकतो. तिथे धूसरपणा दिसला, तर तो खरा की नाही हे तपासायला लगेच रोहिणीच्या आसपासच्या ताऱ्यांकडे वळा; त्यांच्याभोवती असा मेघ दिसायला नको. तिथेही ताऱ्यांभोवती धूसर वलयं दिसली, तर आयपीसवर दव आहे.