सही करावी का?

“आमच्या हरवलेल्या मुलाची गोष्ट टीव्हीवर मालिकेसारखी दाखवायची म्हणतात, सही करावी का?” हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका आईची हकिगत, ओळख पटेल असे तपशील बदलून आणि तिच्या संमतीने, येथे लिहीत आहे.

सोलापुरात विड्या वळून घर चालवणाऱ्या या बाईंचा नऊ वर्षांचा मुलगा जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या, गर्दीत थोरल्या बहिणीच्या हातून सुटला, तो परतला नाही. पोलिसांनी अज्ञात व्यक्तीविरुद्ध अपहरणाचा गुन्हा नोंदवला, शोध झाला, आणि चौदा महिने गेले. मग एका वाहिनीसाठी काम करणारे दोघे घरी आले. भाग दाखवला की कोणीतरी ओळखेल, असे त्यांनी सांगितले. त्यांनी दिलेला कागद बाईंनी विडी कामगाराच्या ओळखपत्रासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणला होता.

मी तो मोठ्याने वाचला. घटनेत नाट्यासाठी बदल करण्याचा अधिकार निर्मात्यांकडे राहणार होता. मुलाचा खरा फोटो दाखवण्याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. सोबतच्या कथानकाच्या टिपणात आदल्या रात्री आईवडिलांचे कडाक्याचे भांडण होते आणि मामावर संशय होता. “भांडण झालंच नव्हतं ताई त्या रात्री,” बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण पोरगं सापडत असेल तर दाखवू देत भांडण.”

या वाक्यापाशी मी थांबले. माणूस गेला हेही नक्की नाही आणि आहे हेही नक्की नाही, अशा अवस्थेला मानसशास्त्रज्ञ पॉलीन बॉस यांनी ‘संदिग्ध वियोग’ म्हटले आहे. त्यात शोक करता येत नाही आणि वाट पाहणे सोडवत नाही. अशा आईपुढे मूल सापडण्याची आशा ठेवून घेतलेल्या सहीला मी मोकळ्या मनाची संमती मानत नाही, मग कागद कायद्याने कितीही चोख असो.

एरवी मी निर्णय सुचवत नाही, पण त्या दिवशी स्पष्ट बोलले. शोधासाठी लागतो तो मुलाचा खरा फोटो, अंगावरचे कपडे, एखादी खूण आणि पोलिसांचा क्रमांक. नाट्यरूपांतरात तासभर दिसतो तो बालकलाकार, आणि प्रेक्षकाच्या लक्षात राहतो तोच चेहरा. शिवाय बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार हरवलेले मूल काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांत मोडते, आणि अशा बालकाची ओळख उघड करण्यावर कलम 74 ने बंधन घातले आहे. बालकाच्या हिताचे असेल तर बाल कल्याण समिती परवानगी देऊ शकते. म्हणून फोटो प्रसिद्ध करायचा तो पोलीस आणि समिती यांच्यामार्फत, एवढे मी त्यांना समजावले. मूल उद्या परत आले, तर शेजाऱ्यांनी आणि वर्गमित्रांनी पाहिलेली ती खोटी रात्र त्यालाही आयुष्यभर वागवावी लागेल, हेही सांगितले.

मात्र बाईंचा निर्णय माझ्या बोलण्यावर ठरला नाही. सोबत आलेली मुलगी, आता नववीत असलेली, तासभर ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत गप्प बसली होती. तिच्याशी एकटीशी बोलले तेव्हा तिने विचारले, “मला कोण करणार? हात सुटला ते दाखवणार का?” टिपणात तो प्रसंग होता, बांगड्यांच्या दुकानासह. दुकान कसले होते, हे तिने तोवर कोणालाच सांगितले नव्हते. ते फुग्यांचे होते, आणि फुगा भावालाच हवा होता. हे आईला सांगायचे का, असे मी विचारले. तिने मान डोलावली आणि बाहेर जाऊन स्वतःच सांगितले.

बाईंनी सही केली नाही. फक्त फोटो आणि पोलीस ठाण्याचा क्रमांक दाखवा, असा निरोप त्यांनी दिला. त्यानंतर ते लोक फिरकले नाहीत. मुलगा अद्याप सापडलेला नाही. “सही केली असती तर?” असे बाई मला आजही विचारतात, आणि मी त्यांना गप्प करत नाही, त्यांच्याजवळ बसते.

यंदाच्या गड्ड्याआधी पोलिसांना विचारून त्यांनी नवी पत्रके काढली. मजकूर मुलीने लिहिला. ‘घरात तेलुगू बोलतो, मराठीही समजते’ ही ओळ तिने स्वतःहून घातली, बाल मदतवाहिनीचा 1098 हा क्रमांक खाली ठळक लिहिला, आणि वयाच्या रकान्यात जुन्या पत्रकावरून उतरवलेला 9 खोडून 11 केला.