एआय सगळा कोड लिहीत असताना प्रोग्रामिंग शिकायची उमेद कशी टिकवावी?

तू लिहिलंयस की म्हापशाला राहतोस, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहेस, कोडिंग मनापासून आवडतं. पण दोन तास डोकं फोडून जे लिहितोस ते चॅटजीपीटी दहा सेकंदांत पुढ्यात टाकतो, आणि मग लॅपटॉप मिटून पडून राहावंसं वाटतं. (अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस, माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे.) मी डिचोलीचा, म्हणजे तुझ्यासारखाच गोव्यातला. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून २००४ साली बाहेर पडलो, तेव्हापासून पर्वरीत बसून हॉटेलं, फार्मसी आणि पतसंस्थांची सॉफ्टवेअरं करतो.

'बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हाही लोक घाबरले होते' हे तुला शंभर जण ऐकवतील. मी ऐकवणार नाही, कारण या वेळी फटका नेमका नवख्यांना बसतोय. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदी तपासल्या, तर २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांच्या नोकऱ्या २०२२ च्या अखेरच्या मानाने जवळजवळ २० टक्क्यांनी घटलेल्या निघाल्या. जुन्या, मुरलेल्या लोकांना तशी झळ बसलेली नव्हती. आमच्या ऑफिसातही पूर्वी जून-जुलैत तीन-चार ट्रेनी यायचे, गेल्या वर्षी एकच मुलगी घेतली. तेव्हा तुझी भीती काही वेडेपणाची नाही.

पण खात्री मिळेपर्यंत थांबतो म्हणशील, तर ती कुठल्या धंद्यात मिळते? आमच्या डिचोली-साखळीकडे खाणीचा ट्रक म्हणजे सरकारी नोकरीपेक्षा पक्की गोष्ट मानत. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, २०१५ ला थोड्या सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. माझ्या चुलतभावाचा ट्रक कर्जाचे हप्ते चालू असताना दारात उभा होता, चाकांत गवत वाढलं होतं. ते बघितल्यापासून पुढच्या दहा वर्षांचं भाकीत करणाऱ्यांचे व्हिडिओ मी बघत नाही. तूही महिनाभर बघू नकोस.

आता ती एक ट्रेनी मुलगी. फोंड्याची आहे. मांद्रेच्या एका गेस्टहाऊसचं बिलिंग आम्ही तिच्याकडे दिलं होतं. हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी असा: दिवसाचं भाडं ७५०० रुपयांपर्यंत असेल तर एक दर, त्यावर गेलं की १८ टक्के. खालचा दर १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. तिने एआयकडून कोड लिहून घेतला. त्याने पहिल्यांदा १२ टक्केच लावले, ते मी पकडलं आणि दुरुस्त करून घेतलं. एक चूक सापडली की माणूस निर्धास्त होतो, तसा मी झालो. टेस्टही, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या चाचण्या, एआयनेच लिहिल्या होत्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास.

ऑक्टोबरात मालकांचा फोन. पुण्याचं एक जोडपं काउंटरवर भांडत होतं, मोपाला विमान गाठायचं होतं. तीन रात्री, रात्रीचे ३०००. कर लागायला हवा होता ४५० रुपये, बिलात लागला होता १६२०. का, ते मला फोनवर कळेना. त्या मुलीने वहीच्या पानावर तीन ओळी मांडल्या: एक रात्र, दोन रात्री, तीन रात्री. तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं. कोड तिन्ही रात्रींची बेरीज करून ९००० हा आकडा ७५०० शी ताडून बघत होता. नियम दर खोलीमागे, दर दिवसामागे आहे. टेस्टमधलं प्रत्येक बुकिंग एकाच रात्रीचं होतं, म्हणून सगळं हिरवं. दुरुस्ती एका ओळीची. कोड तपासून पुढे मी पाठवला होता, म्हणून ११७० रुपये परत करायला लावणं आणि मालकांची बोलणी खाणं माझ्या वाट्याला आलं. एआयला कोण बोलणार?

या नोकरीत पगार मिळतो तो त्या वहीच्या पानाचा. टायपिंगचा पूर्वीही फारसा मिळत नव्हता, आम्हालाच तसं वाटायचं.

आणि वेगाचं म्हणशील, तर मीटर (METR) नावाच्या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली, काही एआय घेऊन, काही एआयशिवाय. एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की आपण २० टक्के जास्त वेगाने काम केलं. तेव्हापासून साधनं सुधारली आहेत, मीही रोज वापरतो. पण 'वाटतं' आणि 'आहे' यांतलं ते अंतर लक्षात ठेव.

शिकताना एआयला प्रॉम्प्टरसारखं ठेव. आमच्या गावच्या जत्रेला रात्री नाटक असतं. विंगेत प्रॉम्प्टर असतोच, आणि ज्याची तालीम झालेली असते त्याला अर्धा शब्द पुरतो. ज्याने नाटक वाचलेलंच नसतं तो प्रॉम्प्टरचं वाक्य ऐकून तसंच म्हणतो, कधी कधी दुसऱ्याचंही. पुढच्या रांगेतल्या पोरांना ते आधी कळतं. तर दिवसातला पहिला तास एआय बंद. स्वतः लिही, अडक, एरर मेसेज शेवटपर्यंत वाच. मग त्याला तुझा कोड दाखव आणि विचार, हा कुठे मोडेल? एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) नीट शिक. फ्रेमवर्क, म्हणजे ज्यावर प्रोग्राम उभा करायचा तो तयार सांगाडा, कुठलं, यावर वाद घालण्यात रात्री घालवू नकोस.

उमेदीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ती घरात बसून, भविष्याचा विचार करून टिकत नाही. आपण केलेल्या वस्तूची कोणीतरी वाट बघत असलं की आपोआप टिकते. कॉलेजात असताना मी गावच्या देवस्थानच्या पावणीचा, म्हणजे देवापुढच्या वस्तूंच्या लिलावाचा, हिशेब व्हिज्युअल बेसिकमध्ये केला होता. तो प्रोग्राम आडनाव आणि नाव यांवरून थकबाकी काढायचा. पहिल्याच रात्री एकाची बाकी दुसऱ्याच्या नावावर चढली, कारण आमच्या वाड्यावर गावस आडनावाची अकरा घरं, आणि त्यांत एकाच नावाचे तिघे. खजिनदार काका हसून म्हणाले, "नांव कित्याक (कशाला) विचारता? घर विचार." वहीत त्यांनी कोणाचं आडनाव लिहिलंच नव्हतं, वडाकडचो, बांयकडचो (विहिरीकडचा), असंच सगळं. घराचा तो कॉलम मी त्या रात्री बारा वाजता जोडला. परीक्षा चार दिवसांवर होती आणि झोप येत नव्हती, पण ते निराशेमुळे नव्हतं.

ती वही कुठल्याच एआयने वाचलेली नाही. तुझ्या गावातही अशा वह्या असतील: देवस्थानाची, भजनी मंडळाच्या वर्गणीची, दुकानदाराच्या उधारीची. त्यातली एक शोध. तुझा प्रोग्राम वापरून त्या माणसाची रोजची वीस मिनिटं वाचली, तर मुलाखतीत सांगायला काहीतरी खरं असेल. पदवीच्या प्रोजेक्टमधली लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम मी आजवर शेकडो वेळा बघितली आहे. अशा वहीच्या कामातून लगेच नोकरी लागेल असं वचन मी देत नाही. आमच्याकडे पुढच्या वर्षी जागा असेल की नाही, हेही माहीत नाही.

म्हापशात शुक्रवारचा बाजार तुझ्या दारातच भरतो. येत्या शुक्रवारी जा, मिरची-कोकमवाल्या किंवा खाजेवाल्या कोणाजवळ तरी बस, उधारी कशी लिहितात ते बघ. लॅपटॉप घरी ठेव, वही-पेन ने. आणि सकाळी लवकर पोच. दहानंतर गर्दी झाली की कोणी तुझ्याशी धड बोलणार नाही.