सासऱ्यांचा जठराचा कॅन्सर आणि एनेवेटाक: क्लेम परत टाका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. सासरे १९७८ मध्ये अमेरिकन आर्मीकडून एनेवेटाकच्या (पॅसिफिकमधली मार्शल बेटं, जिथे अणुचाचण्या झाल्या) साफसफाईला सहा महिने होते, २०१५ ला जठराचा कॅन्सर निघाला, तेव्हा व्हीएकडे (अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं) टाकलेला भरपाईचा क्लेम रेडिएशनचा डोस फार कमी आहे म्हणून नामंजूर झाला, आणि आता दुखणं परत उलटलंय. तुम्ही विचारताय की रेडिएशनमुळेच झालं हे सिद्ध कसं करायचं. तर ते सिद्ध करायच्या भानगडीत पडूच नका.

२०१५ ला नियमच वेगळा होता. एनेवेटाकवर अमेरिकेने १९४८ ते १९५८ मध्ये ४३ अणुचाचण्या केल्या, त्या चाचण्यांना हजर असलेल्या सैनिकांना १९८८ च्या कायद्याने डोस न दाखवता भरपाईची सवलत मिळाली, पण नंतर तोच कचरा उपसायला गेलेली सासऱ्यांसारखी पोरं त्यातून वगळली गेली. त्यांना डोसचा हिशोब मांडून दाखवावा लागायचा, आणि हिशोब कशावरून तर छातीवरच्या फिल्म बॅजवरून (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजायचा बिल्ला). आता तिथली खरी भीती प्लुटोनियमच्या धुळीची. ती नाकातोंडातून आत गेली तर आत बसून जे अल्फा कण सोडते ते त्या बॅजवर उमटतच नाहीत, मग आकडा कमी येणार नाही तर काय! (माझं मत विचाराल तर ही शुद्ध चेष्टा होती.)

१० ऑगस्ट २०२२ ला पॅक्ट ॲक्टवर (नोकरीत विषारी गोष्टींच्या संपर्कात आलेल्या माजी सैनिकांसाठीचा कायदा) सही झाली आणि १ जानेवारी १९७७ ते ३१ डिसेंबर १९८० या काळात एनेवेटाकच्या सफाईत असलेले सगळे त्या सवलतीत आले. सवलतीत धरलेल्या २१ कॅन्सरच्या यादीत जठर आहे. म्हणजे माणूस तिथे होता आणि हा कॅन्सर झालाय एवढं दाखवलं की संबंध कायदाच गृहीत धरतो, डोस विचारत नाहीत. बायोप्सीत एच पायलोरी निघाला म्हणून तुम्ही घाबरलाय, त्या जंतूने जठराचा कॅन्सर होतो हे खरंच आहे, पण कायद्याने धरलेलं गृहीतक खोडायचं तर समोर ठोस पुरावा लागतो, नुसता जंतू सापडला एवढ्यावर भागत नाही. पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये मात्र एक गोष्ट बघा, कॅन्सर मुळात जठरातच सुरू झालाय ना, दुसरीकडून पसरलेला नाही ना. इथेच गाडी अडते.

आता पुरावा. आमच्या शेजारच्या आजोबांचा क्लेम मी भरायला मदत केली तेव्हा शहाणपणा करून रेडिएशनवरचे चाळीस पानं लेख जोडले होते, त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. त्यांच्या डीडी-२१४ वर (सैन्यातून सुटताना मिळणारा नोकरीचा दाखला) फक्त हवाईतल्या स्कोफील्ड बॅरॅक्स या लष्करी तळाचं नाव, एनेवेटाकचा उल्लेखच नाही, कारण तिथे टेम्पररी ड्युटीवर पाठवलेलं. शेवटी बुटांच्या खोक्यात तळाला एक कार्बन कॉपी सापडली, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली, पण पाठवणीची ऑर्डर, तारखेसकट. शिवाय एनेवेटाकमधल्याच लोजवा बेटावर त्यांच्याच तंबूत राहिलेल्या एकाकडून बडी स्टेटमेंट, म्हणजे सोबत्याची लेखी साक्ष, घेतलं. ऑर्डर नसेल तर पगाराच्या स्लिपा, घरी लिहिलेली पत्रं, युनिटचे फोटो, काहीही चालतं.

नवा अर्ज नको, सप्लिमेंटल क्लेम (नामंजूर क्लेम परत उघडायचा अर्ज) टाका, फॉर्म २०-०९९५, आणि कायदा बदलल्यामुळे फेरविचार करा असं स्पष्ट लिहा. कॅन्सर ॲक्टिव्ह असताना आणि उपचार संपल्यावर सहा महिने १०० टक्के अपंगत्वाचं रेटिंग धरतात, मग तपासणी होते. वकिलाला आत्ताच पैसे देऊ नका, डीएव्ही किंवा अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी फुकट भरून देतात.

वर कुणीतरी स्पेनमधल्या पालोमारेसचं विचारलंय, म्हणजे अणुबॉम्ब नेणारं अमेरिकन विमान कोसळलं तिथल्या सफाईचं, तेही याच कायद्यात आलं, १७ जानेवारी १९६६ ते ३१ मार्च १९६७, आणि तशाच अपघाताचं ग्रीनलंडचं थुले १९६८ चं पण. अणुपाणबुडीवर काम केलेल्यांना मात्र अजून तो जुना डोसचाच रस्ता. इराक-अफगाणिस्तानवाल्यांनी रेडिएशनच्या नादी लागूच नये, त्यांना बर्न पिटच्या (तळावरचा कचरा उघड्यावर जाळायचे खड्डे) यादीत पचनसंस्थेचे सगळे कॅन्सर मिळतात.

सासऱ्यांना बोलवत असेल तर आजच शेजारी बसून विचारा, तंबूत कोण कोण होतं, सार्जंट कोण, जेवण कुठल्या बेटावर मिळायचं. आणि जुने फोटो असतील तर मागची बाजू आधी बघा, त्या काळचे लोक पेनाने जागा आणि महिना लिहून ठेवायचे.