द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा का करतात? एप्रिलची छाटणी टाळता येईल का?

तुम्ही लिहिलंय की मामांनी एप्रिलमध्ये हिरवीगार बाग बोडकी केली, ऑक्टोबरमध्ये पुन्हा छाटली, आणि माल मात्र एकदाच निघाला. मग एका छाटणीची मजुरी वाचवता येणार नाही का?

नाही येणार. मामांना तसं सुचवूही नका. एप्रिलच्या छाटणीनंतर हातात काहीच पडत नाही म्हणून ती वायफळ वाटते, पण पुढच्या फेब्रुवारीत वेलीला किती घड लटकतील हे तिच्यावरच ठरतं.

थंड देशांत हिवाळ्यात पानं गळून वेल झोपी जाते. तिथे झोपेत असताना एकदा छाटली की भागतं. आमच्या तुळजापूरच्या माळावर वेल झोपतच नाही, बारमाही हिरवी राहते. म्हणून तिचं वर्ष आपणच कात्रीने दोन भागांत वाटतो: एप्रिलची खरड छाटणी काडी, म्हणजे घड धरणारी फांदी, तयार करायला आणि ऑक्टोबरची फळछाटणी त्या काडीतून घड काढायला.

माल उतरल्यावर वेलीला थोडी विश्रांती, खत, पाणी द्यायचं. मग ओलांड्यावर, म्हणजे तारेवर आडव्या नेलेल्या जाड फांदीवर, एकेक डोळा (जिथून फुटवा येतो ती कळी) राखून जुन्या काड्या काढायच्या. आपल्याकडे तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो, डोळे मागेपुढे फुटतात, म्हणून आम्ही संध्याकाळी ओलांड्यावर पाणी फवारतो. फुटवे आले की गर्दी विरळ करायची आणि सात-आठ पानांवर शेंडा मारायचा, म्हणजे टोक खुडायचं.

खरं काम यानंतर सुरू होतं. छाटणीनंतर साधारण चाळिसाव्या दिवसापासून पुढचे तीन-चार आठवडे पानाच्या बगलेतल्या डोळ्यात सूक्ष्मघड तयार होत असतो. डोळ्यातला तो इवलासा अंकुर घडही होऊ शकतो आणि बाळीही, म्हणजे तारेला विळखा घालणारा तो दोरा. ऊन थेट काडीवर पडलं, नत्र आणि पाणी बेताचं राहिलं तर घड होतो. ढगाळ हवा, पानांची दाटी, युरियाचा मारा झाला तर बाळी.

हे मी 2016 साली भोगलंय. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं तो उन्हाळा. आमच्या विहिरीने तळ गाठला होता, म्हणून छाटणी पावसावर ढकलली आणि जूनच्या शेवटी केली. म्हणजे सूक्ष्मघडाचे दिवस नेमके पावसाळी ढगांत आले. वरून बाग जोमदार दिसत होती, काड्या पेन्सिलीएवढ्या जाड. ऑक्टोबरला छाटली, फुटवे पाच-सहा पानांचे झाले, आणि घडाच्या जागी वळलेली बाळी, तिच्या टोकाला हरभऱ्याएवढा कळ्यांचा गोळा. आम्ही त्याला घड जिरला म्हणतो. ओळीच्या ओळी फिरलो, आईसुद्धा सोबत होती, ती काहीच बोलली नाही. त्या वर्षी नंतर कितीही फवारण्या केल्या असत्या तरी उपयोग नव्हता. घड दोन-तीन महिन्यांपूर्वीच गेलेला होता.

फळछाटणीनंतरची कामं मामांकडे तुम्ही पाहिलीच असतील: डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट, परतीच्या पावसात डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती, थंडीत भुरी हा दुसरा बुरशीरोग, जीएच्या (मणी वाढवणाऱ्या संजीवकाच्या) द्रावणात घड बुडवणं, मण्यांची विरळणी. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागल्यावर, अवकाळी आला की मणी तडकतात, त्यावर कुणाचाच इलाज नाही. छाटणीपासून साधारण 120 ते 140 दिवसांत माल तयार होतो.

खर्च वाचवायचाच असेल तर पाण्याकडे बघा. जालन्याच्या कडवंचीने पाणलोटाची कामं केली, शेततळी खोदली, म्हणून त्या कोरड्या मुलखात द्राक्षं उभी राहिली. आम्हीही 2017 ला शेततळं केलं आणि वेलीच्या बुडाशी उसाचं पाचट अंथरायला लागलो. तेव्हापासून एप्रिलची छाटणी एकदाही लांबवलेली नाही.

आणि मामा करत नसतील तर एक काम तुम्ही करा. फळछाटणीच्या आधी बागेच्या वेगवेगळ्या भागांतल्या दहा-बारा काड्या काडीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत घेऊन जा. तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते सांगतात. आमच्याकडे शेंडा मारलेल्या काडीत तो बहुधा गाठीजवळ, म्हणजे शेंडा मारून पुन्हा फुटलेल्या जागेजवळ, सापडतो, म्हणून गाठीच्या वर एक-दोन डोळे राखून कात्री लावतो. सरळ काडी असेल तर सहा-आठ डोळे राखतो. तुमच्या बागेत मात्र परीक्षणात येईल तिथेच कापा.