महाधमनीच्या कमानीच्या ऑपरेशनमध्ये रक्ताभिसरण थांबवतात, तेव्हा मेंदू कसा वाचतो?

वडिलांच्या ऑपरेशनमध्ये ‘थोडा वेळ रक्तप्रवाह बंद ठेवू’ असं सर्जन म्हणाले, म्हणून तुम्ही धास्तावलात. पण मेंदूला जाणाऱ्या रक्तवाहिन्या महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) कमानीतूनच निघतात. तिथे कृत्रिम नळी शिवताना नुसता क्लॅम्प (रक्तवाहिनी दाबून बंद करणारा चिमटा) लावून भागत नाही, प्रवाहच थांबवावा लागतो.

एरवी रक्ताविना मेंदू चार-पाच मिनिटंच तग धरतो. तापमान एक अंश उतरलं की त्याची ऑक्सिजनची गरज साधारण ६-७ टक्क्यांनी घटते. १८-२० अंशांवर २५-३० मिनिटं बऱ्यापैकी निर्धास्त मिळतात. ४० मिनिटांपुढे पक्षाघाताचा धोका चढत जातो. १९७५ साली सर्जन रँडल ग्रीप यांनी कमानीच्या शस्त्रक्रियेत शरीर थंड करून रक्ताभिसरण थांबवण्याची ही पद्धत रुळवली, तेव्हा सगळी भिस्त थंडीवर होती.

आता बऱ्याच ठिकाणी शरीर २४-२८ अंशांवरच थांबवतात आणि मेंदूला वेगळं थंड रक्त चालू ठेवतात. उजव्या काखेतल्या धमनीला ८ मिमीचा ग्राफ्ट (कृत्रिम नळी) शिवून त्यातून मेंदूकडे वजनाच्या किलोमागे मिनिटाला सुमारे १० मिली रक्त सोडायचं, उजव्या मनगटातला रक्तदाब ५०-७० राखायचा. त्याहून जोर लावला तर मेंदूला सूज येते. मेंदूतला ऑक्सिजन मोजणाऱ्या, कपाळावरच्या दोन सेन्सरांपैकी डाव्याचा आकडा मूळ पातळीच्या २० टक्क्यांहून जास्त घसरला, तर आधी कॅन्युला (रक्त सोडणारी नळी) वाकली आहे का ते बघतात. तसं नसेल तर उजवीकडचं रक्त डावीकडे नेणारं, मेंदूच्या तळाचं धमन्यांचं कडं अपुरं असण्याची शक्यता. मग डाव्या कॅरोटिडमध्ये (मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत) दुसरी कॅन्युला. डोक्याभोवती बर्फ ठेवतात, पण तो निव्वळ जोडीला.

माझ्या मते खरी कसोटी परत गरम करताना लागते, आणि घाई तिथेच होते. हार्ट-लंग मशीनमधून (हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रातून) निघणारं गरम रक्त आधी मेंदूत पोचतं. नाकातला तापमान मोजणारा प्रोब त्याच्या मागे रेंगाळतो, म्हणजे पडद्यावर ३६ दिसताना मेंदू त्याहून तापलेला असू शकतो. त्यामुळे मशीनमधून बाहेर पडणाऱ्या रक्ताचं तापमान ३७ च्या वर जाऊ द्यायचं नाही. ते ३० च्या वर गेलं की जाणाऱ्या आणि परतणाऱ्या रक्तात ४ अंशांहून जास्त फरक नको, आणि गरम करण्याचा वेग मिनिटाला अर्ध्या अंशापर्यंतच. फरक मोठा ठेवला तर विरघळलेला वायू बुडबुडे होऊन सुटतो. प्रवाह पुन्हा सुरू करण्याआधी डोकं खाली करून कमानीतली हवाही काढतात.

सर्जनना एवढं विचारा: किती अंशांवर थांबवणार, मेंदूला रक्त एका बाजूने की दोन्ही, आणि कॅरोटिडची सोनोग्राफी झाली आहे का. वडिलांना आधी कधी पक्षाघात झाला असेल तर तेही आवर्जून सांगा.