हलकं म्हणजे आजाऱ्याचं जेवण नव्हे!

प्रश्न : ताई, आठवड्यातनं दोनदा तरी रात्री आमच्याकडे ग्रिल्ड चीज सँडविच आणि टोमॅटो सूप असतं, पण खाल्लं की पोट जड जड होतं. म्हणून यावेळी लो फॅट चीज आणलं तर ते वितळेचना, रबर खाल्ल्यासारखं लागलं, आणि सूपमध्ये क्रीमऐवजी दूध घातलं तर ते फाटलं. मुलं म्हणाली आई हे आजाऱ्याचं जेवण आहे. आता काय करू?

उत्तर : मुलांचं बरोबर आहे गं! तू बदललंस ते चीज, आणि खरा घोळ आहे बटरमध्ये. ब्रेडच्या दोन्ही बाजूंना एकेक टेबलस्पून बटर लावलं की झाल्या की साधारण दोनशे कॅलरीज, आत चीज पडायच्या आधीच. त्यापेक्षा बटर बाहेर काढून मऊ होऊ दे आणि एका स्लाइसला अर्धा टीस्पून, तेही तव्यावर न टाकता ब्रेडलाच कडेपर्यंत पसरून लाव. तव्यावर टाकलं की मधला भाग सगळं पिऊन टाकतो आणि कडा कोरड्याच राहतात, मग आपण अजून घालतो.

चीज मात्र नेहमीचंच घे, लो फॅटच्या नादी लागू नकोस, फॅट कमी म्हणजे त्यातलं प्रोटीन घट्ट धरून बसतं म्हणून ते नीट वितळत नाही. चांगलं मुरलेलं, तिखटसर चवीचं चेडार घे आणि किसून घाल. तीस ग्रॅम किसलं तर अख्ख्या ब्रेडवर पसरतं आणि लगेच वितळतं, त्याच वजनाचा तुकडा कापून ठेवला तर कोपऱ्यात बसून राहतो. ब्रेडला आतून मोहरीचा सॉस पुसटसा लावलास तर चीज कमी आहे हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. टोमॅटोच्या चकत्या घालणार असशील तर मीठ लावून दहा मिनिटं ठेव नि टिपून घे, नाहीतर ब्रेड लगदा. गॅस मंद, वरून झाकण, आणि घाई अजिबात नको, मोठ्या आचेवर ब्रेड काळा होतो आणि चीज तसंच थंडगार.

आता सूप. दूध फाटलं ते टोमॅटोच्या आंबटपणामुळे, उकळतं असेल तर हमखास. पण मुळात दूध हवंच कशाला? टोमॅटो, कांदा, लसूण, एक गाजर, चमचाभर तेल, ओव्हनमध्ये २०० डिग्रीला कडा काळपट होईपर्यंत भाजायचं, अर्धा तास तरी लागतो, मग एक छोटा उकडलेला बटाटा आणि पाणी घालून मिक्सरला फिरवायचं. बटाट्याने दाटपणा येतो, गाजराने आंबटपणा मोडतो, साखर लागत नाही. पाकिटातल्या सूपमध्ये मीठ फार असतं म्हणून मी तरी ते टाळते.

आणि हो, गरम सूप मिक्सरमध्ये गळ्यापर्यंत भरू नकोस. मी भरलं होतं एकदा, वाफेने झाकण उडालं आणि छतावरचा केशरी डाग रंग काढेपर्यंत तसाच होता. अर्धंच भांडं भर, झाकणावर जाड फडकं दाबून धर.

सूप आधी करून ठेव, सँडविच अगदी शेवटी. तव्यावरून काढलं की थेट प्लेटमध्ये नको, दोन मिनिटं जाळीवर ठेव, प्लेटमध्ये खालच्या बाजूला वाफ धरते आणि एवढा कष्टाने आणलेला कुरकुरीतपणा जातो. मुलांना आधी सांगू नकोस मात्र काय बदललंस ते.